कोर्टाची पायरी आणि आपण बायका

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनी बाहेरगावच्या कोणी शिकल्या-सवरल्या बाई येतात, आपणांस चार बोधाच्या गोष्टी सांगतात आणि आपण त्यांची ओटी भरून निरोप देतो. यंदा अध्यक्षीणबाईंनी हा मान माझ्या पदरात टाकला. मी सातवी पास झालेली बाई. भाषण म्हटले की पायांना कापरे भरते. "काय बोलू?" म्हणून विचारले, तर बाई म्हणाल्या, "दुपारी वर्तमानपत्र वाचत बसता ना, त्यातलेच काही सांगा." म्हणून आज मी कोर्टकचेरीविषयी बोलणार आहे. विषय ऐकताच काहीजणींनी पदर तोंडाला लावला, तो मला इथून दिसला.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. माझे सासरे हे वाक्य येता-जाता म्हणत. बांधाच्या एका भांडणात त्यांची तेरा वर्षे गेली आणि बांध होता तिथेच राहिला. तेव्हा उद्या उठून कोर्टात चला, असे सांगायला मी उभी नाही. परंतु गेल्या काही वर्षांत जगातल्या मोठमोठ्या न्यायालयांत ऊन, पाऊस, पूर आणि दुष्काळ यांवर निकाल लागले आहेत, आणि त्यांतला एक तर आपल्यासारख्या बायकांच्या मंडळाने जिंकला आहे. माझी मुलगी अमरावतीला वकिलीचे शिक्षण घेते. तिने मला ते निकाल सोप्या भाषेत समजावून दिले. ते आपल्याही कानी असावेत, एवढ्यासाठी हे चार शब्द.

आधी घरची गोष्ट सांगते. माझे माहेर घाटाखाली, संग्रामपूर तालुक्यात. सासर इथे घाटावर, लोणार तालुक्यात. २०२३ साल आपणांपैकी कोणी विसरली नसेल. त्या वर्षी जुलैमध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत असा पाऊस कोसळला की नद्या-नाले घरांत शिरले. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस सरकारने राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत आपल्या जिल्ह्यातले बुलढाणा आणि लोणार हे दोन तालुके होते. एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षी, माहेर पाण्यात आणि सासर पाण्यावाचून! मी माहेरी जाताना कपड्यांचे गाठोडे घेऊन गेले आणि परत आले तो इथे आपण रांगेत गुंड मांडून बसलेल्या होतो.

माझ्या भावाचे वावर नाल्याच्या काठाला आहे. त्या पुरात वरची माती खरडून गेली आणि खाली मुरूम उघडा पडला. पंचनाम्याला माणसे आली त्या दिवशी भाऊ तापाने दवाखान्यात होता. घरी वहिनी एकट्या. त्यांना विचारले, "सातबाऱ्यावर तुमचे नाव आहे का?" नव्हते. पुन्हा विचारले, "माती किती होती, याचा काही पुरावा?" तो कुठून असणार? वावरातल्या मातीचा फोटो कोणी काढून ठेवतो का? शेवटी कागदावर पिकाचे नुकसान लिहिले गेले, मातीचे राहिले. पिकाचे पैसे मिळाले. माती अजून भाऊ ट्रॉलीने आणून टाकतो आहे. आलेली माणसे वाईट नव्हती, त्यांना दिवसाला कितीतरी वावरे पाहायची होती. पण वहिनी मला म्हणाल्या, "ताई, वीस वर्षं मी त्या मातीत निंदण-खुरपण केलं. पण त्यांच्या वहीत मी कुणीच नव्हते."

भगिनींनो, हे दोन प्रश्न ध्यानात ठेवा. 'तुम्ही कोण?' आणि 'पुरावा काय?' तालुक्याच्या कचेरीपासून परदेशातल्या न्यायालयापर्यंत हेच दोन प्रश्न विचारले जातात, असे मला मागाहून कळले.

आता ती बायकांच्या मंडळाची हकिकत सांगते. स्वित्झर्लंड देश आपण सिनेमात पाहिलेला आहे, बर्फाच्या डोंगरांचा. तिथेही आता उन्हाळ्यात उष्णतेच्या लाटा येतात आणि त्यांत म्हाताऱ्या बायका अधिक दगावतात, असे तिथल्या डॉक्टरांच्या नोंदींवरून दिसले. २०१६ साली अशा वयस्क बायकांनी एक संस्था काढली. सभासद दोन हजारांहून अधिक आणि त्यांचे सरासरी वय ७३. म्हणजे आपल्या मंडळातल्या सर्वांत वडीलधाऱ्या आजी तिथे मधल्या वयाच्या ठरल्या असत्या! त्यांनी आपल्या सरकारला अर्ज केला की, कोळसा आणि तेल जाळून जो धूर हवेत जातो, तो कमी करण्याचे काम तुम्ही नीट करीत नाही, आणि त्याचा त्रास आम्हाला होतो. सरकारने अर्ज फेटाळला. मग तिथल्या न्यायालयांत गेल्या. एका न्यायालयाने म्हटले, उष्णतेचा त्रास साऱ्यांनाच होतो, तुमचे वेगळे ते काय? त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२० साली त्यांना परत पाठविले. घरी जाऊन नातवंडे सांभाळा, असे कोणी म्हणालेही असेल. पण त्या थांबल्या नाहीत. युरोपातल्या देशांनी मिळून स्ट्रासबर्ग या शहरात मानवी हक्कांचे न्यायालय स्थापिले आहे, तिथे त्या गेल्या.

९ एप्रिल २०२४ रोजी निकाल लागला. सतरा न्यायाधीशांपैकी सोळांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. सरकारने धूर किती वर्षांत किती कमी करायचा याचा धड हिशेबच मांडलेला नाही, असे न्यायालय म्हणाले. महिन्याच्या पगाराचा हिशेब न मांडता आपण कोणी संसार चालविला, तर घरचे काय म्हणतील? पण मला त्या निकालात एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटली. मंडळाबरोबर चार बायकांनी आपापल्या नावानेही तक्रार केली होती. न्यायालयाने त्या चौघींना सांगितले की, तुमचे वैयक्तिक नुकसान आमच्या कसोटीला पुरेसे उतरत नाही, तुमची तक्रार ऐकता येणार नाही. आणि मंडळाची मात्र ऐकली! कारण मंडळ कायद्याप्रमाणे स्थापन झालेले होते, सभासदांच्या हक्कांसाठी झटण्याचा उद्देश त्याच्या नियमांत लिहिलेला होता, आणि ते खरोखरच त्या बायकांच्या वतीने बोलत होते. एकटीला जे दार बंद राहिले, ते मंडळाला उघडले.

माझ्या वहिनींची आठवण मला तिथे झाली.

आता दुसऱ्या प्रश्नाची, पुराव्याची गोष्ट. ती एका शेतकऱ्याची आहे. दक्षिण अमेरिकेत पेरू नावाचा देश आहे. तिथे डोंगराखाली हुआराझ गावात साउल लुसियानो युइया नावाचा शेतकरी राहतो. त्याच्या गावावर डोंगरात पाल्काकोचा नावाचे तळे आहे, बर्फ वितळून ते भरते. १९४१ साली ते फुटले तेव्हा गावात हाहाकार उडाला होता. आता उष्णता वाढल्याने बर्फ अधिक वितळते आणि तळे पुन्हा भरत चालले. या माणसाने २०१५ साली जर्मनीत जाऊन आर. डब्ल्यू. ई. या मोठ्या वीज कंपनीवर दावा लावला. तो म्हणाला, जगातल्या एकूण धुरापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास तुमचा आहे. तेव्हा माझ्या गावाला बांध घालण्याच्या खर्चातला तेवढाच वाटा तुम्ही द्या. मागणी पाहा किती रास्त! भिशीत जिचा जितका वाटा, तितकाच तिने द्यायचा.

पहिल्या न्यायालयाने दावा फेटाळला. हाम शहरातल्या वरच्या न्यायालयाने तो ऐकायला घेतला, आणि २०२२ साली तिथले न्यायाधीश तज्ज्ञांना घेऊन पेरूला जाऊन तळे, डोंगर आणि त्याचे घर पाहून आले. पंचनामा असावा तर असा! २८ मे २०२५ रोजी निकाल आला. शेतकरी हरला. येत्या ३० वर्षांत पुराचे पाणी त्याच्या घरापर्यंत पोचण्याचा संभव शंभरात एक इतकाच आहे, असे तज्ज्ञांनी सांगितले आणि तेवढ्याने दावा टिकला नाही. दहा वर्षे झगडून माणूस हरला, हे मी लपवीत नाही. पण त्याच निकालात न्यायालयाने असेही लिहिले की, कंपनी जर्मनीत आणि घर पेरूत, एवढ्या कारणाने जबाबदारी संपत नाही. शेजाऱ्याने आपल्या मालमत्तेला उपद्रव दिला तर जो कायदा लागतो, तो समुद्रापलीकडच्या शेजाऱ्यालाही लागू शकतो. म्हणजे 'तुम्ही कोण?' याचे उत्तर त्याने दिले, 'पुरावा काय?' इथे तो अडला. पुढे जो कोणी जाईल, त्याला निम्मी वाट मोकळी झालेली असेल.

तुम्ही म्हणाल, धुराला एवढे महत्त्व का? आपल्या चुलीचा धूर तर आढ्यातून निघून जातो. पण कोळसा आणि तेल जाळल्याने होणारा जो वायू आहे, तो डोळ्यांना दिसत नाही आणि लवकर जातही नाही. त्याचा बराचसा भाग शेकडो वर्षे हवेत राहतो आणि पृथ्वीला गोधडीसारखा गुंडाळून ऊब कोंडतो. वाऱ्याला बांध नसतो. कुठल्या देशाच्या भट्टीत कोळसा जळला, हे आपल्या वावरावरचा ढग विचारीत नाही. म्हणून एका देशाचा कायदा याला पुरत नाही.

हे सर्वांत आधी ध्यानात आले ते लहानशा बेटांवरच्या लोकांच्या. प्रशांत महासागरात वानुआतू नावाचा बेटांचा देश आहे, वस्ती तीन लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या जिल्ह्याहून कितीतरी लहान. समुद्र चढला तर त्यांनी जायचे कुठे? तिथे कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी २०१९ साली ठरविले की, हा प्रश्न जगातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयापुढे न्यायचा. आधी त्यांचे सरकार तयार झाले, मग शेजारचे देश, आणि मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो प्रश्न हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे पाठविला. डिसेंबर २०२४ मध्ये सुनावणी झाली तेव्हा ९६ देश तिथे बोलले. आपला भारतही बोलला. ज्यांनी अधिक धूर केला त्यांनी अधिक भार उचलावा, असे आपले म्हणणे होते.

२३ जुलै २०२५ रोजी पंधरा न्यायाधीशांनी एकमताने मत दिले. त्यांत आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे एकेकाळचे मुख्य न्यायमूर्ती दलवीर भंडारी हेही होते. न्यायालय म्हणाले की, आपल्या हद्दीतल्या उद्योगांनी साऱ्या पृथ्वीच्या हवेचे मोठे नुकसान होऊ नये म्हणून झटणे हे प्रत्येक देशाचे कायदेशीर कर्तव्य आहे. ते मोडले तर तो अपराध ठरू शकतो. आणि नुकसान व अपराध यांचा संबंध सिद्ध झाला, तर भरपाईही द्यावी लागू शकते. हे मत सल्ल्याचे आहे, हुकूम नव्हे. घरच्या वडीलधाऱ्यांनी सल्ला दिला, तर तो पाळलाच पाहिजे असे नाही. पण तो डावलून वागणाऱ्याला चारचौघांत मान खाली घालावी लागते. तसेच आहे हे.

आपल्या देशातही स्वस्थता नाही. माळढोक पक्षी विजेच्या उंच तारांवर आदळून मरतात, म्हणून सर्वोच्च न्यायालयात एक खटला चालला होता. २१ मार्च २०२४ रोजी त्याचा निकाल देताना सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि त्यांच्या सोबतच्या न्यायमूर्तींनी म्हटले की, हवामानबदलाच्या वाईट परिणामांपासून संरक्षण मिळणे हा नागरिकांचा हक्क आहे, आणि तो घटनेच्या १४ आणि २१ या कलमांतून, म्हणजे समानतेच्या आणि जीविताच्या हक्कांतून, येतो. अन्नपाण्याची टंचाई आली की गरिबांना ती अधिक जाचते, म्हणून हा समानतेचाही प्रश्न आहे, असे त्यांनी सांगितले. टँकरच्या रांगेत कोण उभे असते, हे मला तुम्हांला सांगायला नको.

कोणी म्हणेल, हे सारे दिल्लीचे आणि विलायतेचे. आपल्या लोणारशी याचा काय संबंध? तर आपल्या सरोवराचीच आठवण काढा. जून २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, ते पाणी गुलाबी झाले होते. कोणी देवीचा कोप म्हटले, कोणी चमत्कार म्हटले. कमळजादेवीला नवस बोलणाऱ्यांत मीही होते, खोटे कशाला सांगू? त्या सरोवराच्या रक्षणासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे लोकांचा एक अर्ज आधीपासून चालू होता. न्यायालयाने त्या पाण्याची तपासणी करण्याची व्यवस्था केली, आणि उत्तर मिळाले की, पाणी आटून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आला. त्याच वर्षी आपले सरोवर रामसर यादीत गेले. इराण देशातल्या रामसर गावी १९७१ साली देशादेशांनी पाणथळ जागांच्या रक्षणाचा जो करार केला, त्याची ही यादी. म्हणजे पाणी आपल्या लोणारचे, कोर्ट नागपूरचे आणि करार इराणात झालेला. परदेशाचा कायदा आपल्या पाणवठ्यापर्यंत येऊन पोचलेला आहे. आपल्यालाच ते ठाऊक नव्हते.

आता हे ऐकून आपण काय करायचे? मला तीन गोष्टी सुचतात. त्या मी मंडळापुढे ठेवते.

पहिली गोष्ट वहीची. मंडळाने एक जाड पुठ्ठ्याची नोंदवही घालावी. पाऊस कोणत्या दिवशी, किती वेळ पडला. कोणाची विहीर कोणत्या महिन्यात आटली. टँकर कधी आला, कधी चुकला. उन्हाने कोणाला भोवळ आली, कोणाला दवाखान्यात न्यावे लागले. पेरणी कितीदा मोडली. हे सारे तारीखवार लिहावे. वावराचे, विहिरीचे, बांधाचे फोटो पावसाळ्यापूर्वी आणि नंतर काढावेत. मोबाईल तर आता घरोघरी आहेत. एका वर्षाच्या पुरावरून हवामान बदलले असे कोणी सिद्ध करू शकत नाही, दहा-वीस वर्षांच्या नोंदी लागतात. आपण दुधाचा, धुण्याचा हिशेब भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहितोच. तसाच हाही लिहायचा. वही उद्या कोर्टात गेली नाही तरी पंचनाम्याच्या वेळी उघडता येईल.

दुसरी गोष्ट मंडळाच्या घटनेची. आपले मंडळ नोंदणी झालेले आहे. पण त्याच्या उद्देशांत हळदीकुंकू, शिवणवर्ग, बालवाडी आणि भजन एवढेच लिहिले आहे. त्यांत एक ओळ वाढवावी: सभासदांच्या पाणी, आरोग्य आणि पर्यावरणाविषयीच्या हक्कांचे रक्षण करणे. एवढ्या एका ओळीने त्या परदेशी बायकांना किती बळ मिळाले, ते मी आत्ताच सांगितले. आपल्याकडे तर २०१० च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण झाले आहे, त्याचे एक पीठ पुण्यात बसते, आणि तिथे संस्थेलाही अर्ज करता येतो.

तिसरी गोष्ट पैशाची. वकिलाला पैसे कुठून आणायचे, हा आपला पहिला धसका. पण विधी सेवा प्राधिकरणाचा जो १९८७ चा कायदा आहे, त्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे; तिचे उत्पन्न किती, हे पाहिले जात नाही. पूर आणि दुष्काळ यांत सापडलेल्यांनाही तो हक्क आहे. बुलढाण्याला जिल्हा न्यायालयात त्याची कचेरी आहे. हे मला माझ्या मुलीने सांगितले तेव्हा मी तिला विचारले, "अगं, मग हे आजपर्यंत आम्हाला कोणी का सांगितलं नाही?" ती म्हणाली, "आई, तू विचारलं नव्हतंस."

आणखी एक सांगते. सातबाऱ्यावर आपले नाव आहे की नाही, हे आज घरी गेल्यावर प्रत्येकीने विचारावे. भांडण करू नये, नुसते विचारावे. ओट्यावरच्या बंधूंनी हे ऐकले आहेच, तेव्हा उत्तर तयार ठेवावे.

माझे सासरे आज हयात असते, तर ही सून काय बडबडते आहे, असे म्हणाले असते. पण ते बांधासाठी तेरा वर्षे कोर्टात गेले, कारण जमिनीवर त्यांचा जीव होता. आपलाही आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे मला अजूनही पटते. मात्र ती पायरी कुठे आहे आणि तिथे काय विचारतात, हे शहाण्या बाईला ठाऊक असावे, एवढेच माझे म्हणणे.

गेल्या महिन्यात वहिनी आल्या होत्या. त्यांनी नातवाच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर पावसाच्या तारखा लिहायला सुरुवात केली आहे. अक्षर वेडेवाकडे आहे, पण तारखा बरोबर आहेत. आपल्या मंडळाची वही मी आज सोबत आणली आहे. पहिले पान कोरे ठेवले आहे. अध्यक्षीणबाईंनी त्यावर आजची तारीख घालावी, अशी माझी विनंती आहे.